काकांच्या बोटांना झेपेल असा लॅपटॉप

काका पेट्रोल पंपावर चक्कर येऊन पडले ते थेट लॅपटॉपवर. मावशीनं तो दोन मिनिटांसाठी मिनीबसच्या पायरीवर ठेवला होता. काकांचं वजन शहाण्णव किलो. त्यांना खरचटलंसुद्धा नाही, लॅपटॉप मात्र जागच्या जागी गेला. मी घाबरून फोन केला, "कसं आहे आता?" तर मावशी म्हणते, "स्क्रीन फुटलीय, बिजागरी निखळलीय, काही आशा नाही." मी म्हटलं, "अगं, काकांचं विचारतेय." "ते होय? ते चहा पितायत."

माझी मावशी अशीच आहे. तिनं तीस वर्षं एका शाळेच्या ऑफिसात कारकुनी केली आणि तिथे वेळापत्रक करता करता तिला त्याचं व्यसन लागलं. कुठल्या सरांना सोमवारी पहिला तास चालत नाही, कुठल्या दोन बाई एकमेकींचं तोंड बघत नाहीत, प्रयोगशाळा कधी रिकामी असते, सगळं तिच्या डोक्यात. निवृत्त झाली तर दुसऱ्या शाळा मागे लागल्या. आता अकरा शाळांची वेळापत्रकं ती करते. काका चौतीस वर्षं सिटी बसचे ड्रायव्हर. त्यांनी निवृत्तीनंतर काय करावं, तर शाळेची एक जुनी मिनीबस घेतली, सीटं काढून आत पलंग, शेगडी आणि घडीचं टेबल बसवलं, आणि दोघं निघाली. राहतं घर भाड्यानं दिलं. गेली चार वर्षं काका गाडी चालवतात, मावशी शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसते, आणि कुठल्याशा शाळेत कुणाला तरी ताप आला की धावत्या गाडीतून त्यांचे तास दुसऱ्याच्या गळ्यात घालते. लोक या वयात पाय चेपून घेतात.

तर डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं की काळजीचं काही नाही, एक गोळी रोज घ्या, फिरा, खा, प्या. फक्त गाडी चालवायची नाही. कधीच नाही.

यावर दुसरं कुणी असतं तर घरी आलं असतं. मावशीनं ड्रायव्हिंगचा क्लास लावला. दोन महिने ती दोघं माझ्या बैठकीच्या खोलीत राहिली आणि रोज जेवताना क्लचवर भांडली. तिसऱ्या खेपेला लायसन्स मिळालं, तेव्हा परीक्षा घेणारा साहेब म्हणाला म्हणे, "बाई, आता परत येऊ नका." हा मावशीला आशीर्वाद वाटला.

पण मावशी स्टिअरिंगवर बसल्यावर लॅपटॉपवर कोण बसणार? उत्तर एकच होतं आणि ते सोफ्यावर बसून दोन बोटांनी रिमोट दाबत होतं. काकांना वेळापत्रक येत नव्हतं असं नाही. चार वर्षं शेजारी बसून ऐकल्यामुळे अकरा शाळांतले शिक्षक त्यांना नातेवाइकांसारखे तोंडपाठ होते. अडचण बोटांची होती. काकांचं एक बोट म्हणजे माझी दोन. एक कळ दाबायला गेले की तीन दाबल्या जायच्या. माझ्या लॅपटॉपवर त्यांनी सराव केला, तेव्हा चित्रकलेचे सर एकाच वेळी पाच वर्गांत गेले.

आणि वेळ नव्हता. भाडेकरूंना सोमवारी उत्तर द्यायचं होतं, पुढची दोन वर्षं राहा किंवा घर खाली करा. काकांना जमलं तर मिनीबस. नाही जमलं तर विकायची आणि घरी जाऊन बसायचं. मावशी हे कुणालाही हसत हसत सांगायची. काका सांगायचे नाहीत. शनिवारी सकाळी लॅपटॉप घ्यायला येताना मात्र मला हळूच म्हणाले, "मला तिच्या गाडीत सामान होऊन नाही बसायचं गं. सामान निदान गप्प तरी बसतं."

मी लॅपटॉपच्या दुकानात विकायचं काम करते. आमचा मॅनेजर म्हणजे गळ्यात टाय बांधलेली गोड जीभ. मावशीला बघताच तो पुढे झाला आणि त्यानं एक रुपेरी, पापडासारखा पातळ लॅपटॉप तिच्या हातात दिला. "प्रवासासाठी हाच, काकू. वजन बघा, जाणवतच नाही. स्क्रीनला नुसतं बोट लावायचं."

मावशीनं तो काकांना दिला. काकांनी बोट लावलं. स्क्रीनवरचं सगळं उडून गेलं.

"जरा हलकं लावायचं," मॅनेजर म्हणाला.

"हे हलकंच होतं," काका म्हणाले.

मग मावशीनं जे सुरू केलं ते आमच्या दुकानानं कधी पाहिलं नव्हतं. तिनं काकांना स्टुलावर बसवलं, मांडीवर एकेक लॅपटॉप ठेवला आणि मागून स्टूल गदागदा हलवायला लागली. "खड्डा," ती सांगायची. "आता वळण. आता गतिरोधक." काका इमानदारीत डुलत डुलत टाइप करायचे. एकाची बिजागरी सैल, खड्डा आला की झाकण काकांच्या बोटांवर. दुसऱ्याच्या कळा इतक्या सपाट की कुठली कुठे संपते ते कळेना. तिसऱ्याच्या काचेत काकांना आपलंच तोंड दिसत होतं, उन्हात तर दुसरं काहीच दिसलं नसतं. बाकीची गिऱ्हाइकं खरेदी विसरून गोल करून उभी राहिली. एका बाईनं मला विचारलं, "हे व्यायामाचं आहे का?"

मला हसू आवरत नव्हतं, आणि हसू आवरत नाही म्हणून रागही येत होता, कारण काकांचे कान लाल व्हायला लागले होते. ते म्हणाले, "जाऊ दे आता. माझ्यानं व्हायचं नाही."

तेव्हा मला मागच्या फळीवरचा ठोकळा आठवला. कुठल्याशा कंपनीनं वापरून परत केलेला, आम्ही दुरुस्त करून ठेवलेला, काळा, जाडजूड, वर्षभरात कुणी ढुंकून न पाहिलेला. पण कळा मोठ्या, मध्ये खोलगट, दाबली की टक्‌ असा आवाज येणाऱ्या. स्क्रीन चमकत नव्हती. आत फिरणारा कुठलाच भाग नाही, म्हणजे धक्क्यानं बिघडायची भीती नाही. आणि कळांच्या अगदी मधोमध एक लाल रबरी बोंड. ते बोटानं ढकलाल तिकडे स्क्रीनवरचा बाण जातो, हात उचलावा लागत नाही.

काकांनी त्या बोंडावर बोट ठेवलं. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. मग म्हणाले, "हा तर गिअर आहे."

"स्टुलावर सगळेच चालवतात," मावशी म्हणाली. "रस्त्यावर बघू."

मॅनेजरचा जीव वरखाली झाला. दुकानातला माल दुकानाबाहेर जात नाही, असा नियम आहे म्हणाला. मावशी म्हणाली, नियम चांगला आहे, तुम्हीही बरोबर चला. त्यानं नुसतं नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मावशीला नाही म्हणणं हे आजवर साहेबलोकांना जमलेलं नाही. तो मागच्या पलंगावर टायसकट बसला आणि हाताला लागेल ते धरलं. मी त्याच्या शेजारी. काका पुढे, मांडीवर ठोकळा; माझ्या फोनच्या इंटरनेटवर मी त्यात मावशीच्या शाळांचे तक्ते उघडून दिले होते. मावशीनं गाडी सुरू केली.

मावशीच्या गाडी चालवण्याबद्दल मी इतकंच म्हणेन की तिला रस्ता आपल्या वेळापत्रकाप्रमाणे रिकामा मिळेल असं वाटतं. पहिल्या गतिरोधकाला पलंग आमच्यापासून सुटला. दुसऱ्याला आम्ही पलंगापासून. काकांचा उजवा पाय नसलेला ब्रेक सारखा दाबत होता. पण बोट त्या लाल बोंडावर ठाम होतं. "टाकली सातवी अ," ते म्हणायचे. "टाकली सातवी ब."

अशात मावशीचा फोन वाजला. डोंगराकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. काकांनी तो स्पीकरवर टाकला. त्या म्हणाल्या, "बाई, उद्या रविवारी शाळेचा जादा दिवस आहे ना, त्याचा घोळ झालाय. तिघांना परीक्षेच्या कामाला पाठवायला सांगितलंय. शाळा सुटायच्या आत नवा कागद फळ्यावर लागला पाहिजे. अर्धा तास आहे."

"पाठवते," मावशी म्हणाली, आणि फोन बंद होताच काकांना म्हणाली, "घ्या. सांगते तसं लिहा. विज्ञानाच्या बाई चौथ्या तासाला सहावी ब वर."

टक्‌ टक्‌ आवाज आला नाही.

"अहो, लिहा."

"त्या तिसऱ्या तासाला तळमजल्यावर प्रयोगशाळेत आहेत," काका म्हणाले. "सहावी ब तिसऱ्या मजल्यावर. मधे वेळ कुठेय?"

"वेळ कशाला पाहिजे? घंटा झाली की पुढचा तास."

"तुझ्या वेळापत्रकात माणसं उडत जातात का गं? एका स्टॉपवरून दुसऱ्या स्टॉपवर जायला गाडीला वेळ लागतो. आमच्या डेपोत असा तक्ता कुणी केला असता तर पहिल्याच दिवशी बोंब झाली असती."

मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीस वर्षांत तिच्या वेळापत्रकाला कुणी बोट लावलं नव्हतं, आणि आज लावलं ते कुणी, तर ज्यानं पाच वर्गांत एक मास्तर पाठवला त्यानं. आम्ही तेव्हा मोठ्या चौकात होतो, मधे बाग असलेल्या. मावशीला डावीकडच्या रस्त्यानं बाहेर पडायचं होतं. भांडणात तो निघून गेला. आम्ही पुन्हा फिरलो.

"मग काय करायचं, बाईंना पाळणा बांधायचा?"

"बाईंना हलवायचंच नाही. वर्ग खाली आणायचा. पोरांचे पाय पोरांचे असतात, ती उड्या मारत येतील. सहावी ब प्रयोगशाळेत."

रस्ता पुन्हा निघून गेला.

"आणि गणिताच्या बाई?"

"त्यांचे पाचही तास खालच्या मजल्यावर टाकले. वर्ग येतील एकामागून एक. स्टॉप एकच, गाड्या बदलतायत."

"आणि संगीताचे सर?"

"ते राहू देत वर. ते तसेही गच्चीवर सिगरेट ओढायला जातात, तूच सांगितलंयस."

चौथ्या फेरीला मॅनेजर डोळे मिटून म्हणाला, "काकू, डावीकडे, प्लीज." पाचव्या फेरीला काका म्हणाले, "झालं. पाठवलं."

"पाठवलं?" मावशीचा आवाज खाली आला. "मला न दाखवता?"

"तू गाडी चालवतेयस ना," काका म्हणाले.

ती चौकातून बाहेर पडली आणि दुकानापर्यंत प्रत्येक गतिरोधकाला गाडी हळू केली. मावशी जपून वागायला लागली की मला भीती वाटते. तिची आजवर एकही चूक कुठल्या फळ्यावर लागली नव्हती, आणि आता एक कागद तिच्या नावावर गेला होता जो तिनं पाहिलासुद्धा नव्हता. काकांनाही ते उमगलं असावं. त्यांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. दुकानासमोर गाडी थांबली तरी कुणी उतरेना. मॅनेजरसुद्धा नाही, पण त्याची कारणं पोटाची होती.

मग फोन वाजला. मावशीनं इंजिन बंद केलं आणि स्वतः उचलला.

"बाई," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "उद्याचा कागद कोणी केलाय?"

"चूक असेल तर माझी आहे," मावशी म्हणाली. काकांकडे न बघता, लगेच.

"चूक नाही हो. आमच्या गणिताच्या बाईंचे गुडघे गेलेत. सहा महिने झाले, कठड्याला धरून तीन मजले चढतात, कुणाला बोलल्या नाहीत. मला तरी कुठे माहीत होतं? आत्ता फळ्यासमोर उभ्या राहून रडतायत. विचारतायत, माझे सगळे तास खाली कोणी आणले?"

मावशीनं गाडीची किल्ली काढली, परत लावली, परत काढली. तिला वाईट वाटलं होतं, आणि अभिमानही वाटला होता, आणि दोन्ही लपवायला तिच्याकडे एकच चेहरा होता.

"आमच्या ह्यांनी," ती म्हणाली.

"मग सरांना द्या ना फोन."

मावशीनं फोन शेजारी दिला. म्हणाली, "सर, तुमचा फोन."

काकांनी तो घेतला आणि मागे वळून मॅनेजरसमोर धरला.

"अहो, त्यांना नाही," मावशी म्हणाली. "तुम्हाला."

मग तिनं माझा फोन मागून घेतला आणि खाली उतरून भाडेकरूंचा नंबर लावला. "राहा हो निवांत," तिचं बोलणं काचेतून ऐकू येत होतं, "आम्ही काही एवढ्यात येत नाही." काका अजून हातातल्या फोनकडे बघत होते. पलीकडून "सर? सर, आहात ना?" असं येत होतं. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मग "हॅलो" म्हणाले.