सुभेदारांची गाडी तापलीया

सुभेदारांइतकी सावकाश मोटार चालवणारा माणूस सातारा जिल्ह्यात दुसरा झाला नाही. फलटणहून दहिवडीकडे जाणारा घाट चढताना एकदा वऱ्हाडाच्या बैलगाड्या आम्हाला ओलांडून पुढे गेल्या. शेवटच्या गाडीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. सुभेदारांनी मात्र खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना इतक्या कडक शिस्तीत वाट दिली, की जणू लष्कराचा ताफाच चालला होता.

लष्करात त्यांनी उभी हयात ट्रक हाकले. सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि फलटणकडच्या एका साखर कारखान्यावर पहारेकऱ्यांचे मुख्य म्हणून लागले. त्याच कारखान्यात मी कारकून होतो आणि गाव दोघांचंही एकच, घाटाच्या वर, दहिवडीच्या अलीकडे. त्यामुळे रोजच्या जाण्यायेण्याला मी त्यांच्या शेजारच्या सीटवर. गाडी म्हणजे एक जुनी, छोटीशी विलायती मोटार. तिचं इंजिन एवढंसं होतं, की बोनेट उघडल्यावर ते कुठं आहे हे आधी शोधावं लागे. पण सुभेदारांचा तिच्यावर जीव. सकाळी आधी तिची अंघोळ, मग स्वतःची. किल्ली फिरवण्याआधी ते हळूच "सावधान" म्हणत. ते मला उद्देशून होतं की गाडीला, हे मी कधी विचारलं नाही. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी वळताना हात बाहेर. बसणाऱ्यांची मांडणी वजनावर. आमच्या गावच्या सरपंचांना त्यांनी एकदा मागच्या सीटवरून उठवून पुढे आणलं आणि वर ऐकवलं, "तुमी मागं बसलासा तर ती आभाळाकडं बघती."

एवढं करूनही घाटाच्या मधल्या वळणावर गाडी तापायचीच. वाफ निघायची, सुभेदार उतरायचे, कॅन उचलायचे आणि वळणावरच्या वस्तीवर जायचे. तिथं आक्का नावाची एक म्हातारी आणि तिचा नवरा राहत. आक्का दारातूनच विचारायची, "आवं सुभेदार, काय काम काढलंसा?"

"काय न्हाई आक्का, गाडी तापलीया. वाईच पानी पाह्यजे हुतं."

मग गाडीला पाणी आणि आम्हाला गूळपाणी. पाठोपाठ चहा. शेळी व्याली का, पाऊस कुठं पडला, कुणाच्या पोराला नोकरी लागली. गाडी केव्हाच गार झालेली असे, पण सुभेदार पायरीवरून उठत नसत. मला भूक लागायची, मी चुळबुळ करायचो, आणि ते म्हणायचे, "इंजिनाला घाई करून चालत न्हाई, गड्या."

इथं सुभेदारांची एक गोम सांगायला हवी. आमच्याकडे दारात कुणी आलं की "काय काम काढलं?" असं विचारतात. त्यात मायाच असते, नुसतं "या, बसा" म्हणण्याची ती एक रीत. पण इतकी वर्षं लष्करात आणि पहाऱ्यावर काढलेल्या या माणसाला तो प्रश्न पहारेकऱ्यानं रात्री हटकल्यासारखा वाटे, आणि त्याला नेमकं उत्तर दिल्याशिवाय आत पाऊल टाकणं त्यांच्या शिस्तीत बसत नसे. एका रविवारी ते आमच्या घरी आले. आईनं सवयीप्रमाणे विचारलं. सुभेदार गोंधळले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "हातोडा पाह्यजे हुता." आईनं हातोडा दिला. तो घेऊन ते तसेच परत गेले. दुसऱ्या दिवशी हातोडा परत करायला आले तेव्हा मात्र चांगले तासभर बसले, कारण आता काम होतं! त्यांची बायको ते सरहद्दीवर असतानाच गेली होती. एकुलती मुलगी आटपाडीला दिलेली. घरी बोलायला फक्त रेडिओ, आणि तोही समोरच्याचं ऐकून घेत नाही. त्या घराचं कुलूप काढताना सुभेदार उगाचच खोकायचे. मला ते ऐकवत नसे.

मग दिवाळीला मुलगी आणि जावई आले. सुभेदार त्यांना फलटणची बाजारपेठ दाखवून परत आणत होते. मधल्या वळणावर गाडी नेहमीप्रमाणे तापली आणि वर रुसलीही. नवी सफारी घातलेल्या जावयाला उतरून ढकलावं लागलं. जावई हसत म्हणाले, "मामा, ही मोटार हाय का हातगाडी?" सगळे हसले. सुभेदार हसले नाहीत.

पेट्रोल कडाडल्यामुळे लोक मोटारी विकून सायकली घेत होते, त्याच दिवसांत सुभेदारांनी गाडी सांगलीला नेली आणि एका मिस्त्रीकडून तिच्यात जीपचं इंजिन बसवून घेतलं. इंजिन बसलं, पण बोनेट बसेना. मग बोनेट कापून त्यावर पत्र्याचा उंचवटा केला. वजनानं गाडीचं नाक खाली गेलं, म्हणून पुढे जीपच्या स्प्रिंगांचे पाटे घातले, तर नाक इतकं वर आलं की सुभेदारांना खाली उशी घ्यावी लागली. रेडिएटरही जीपचाच. मिस्त्रीनं छातीवर हात ठेवून सांगितलं, "सायेब, आता हिला राजस्थानात न्या. तापली तर माझं नाव बदला."

खरोखरच ती तापली नाही. पहिल्या दिवशी घाटात आम्ही एस.टी.ला मागं टाकलं, तेव्हा सुभेदारांचे डोळे पोरासारखे चमकत होते. मधलं वळण आलं आणि गेलं. आक्का अंगणात उभी होती, तिनं हात वर केला, एवढंच मला दिसलं. गाडी गर्जत वर आली. दिवस मावळायच्या आत आम्ही घरी, आणि सुभेदार कुलपापाशी. काही दिवसांनी काय हरवलं ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण गाडीतलं बोलणं कमी झालं. इंजिनाच्या आवाजात तसंही काही ऐकू येत नसे. मुलीचंही तेच झालं. पूर्वी गाडीचा भरवसा नाही म्हणून ती मुक्काम करायची. आता जावई म्हणू लागले, "गाडी जोरात हाय, मामा. जेवून निघतो, सोडा आमाला." सुभेदार बिचारे सोडून यायचे.

पुढे मला सांगलीला नोकरी मिळाली आणि गाव सुटलं. दोनेक वर्षांनी एका कामासाठी फलटणला गेलो. संध्याकाळी सुभेदारांनी गावी न्यायला गाडीत घेतलं. थकले होते. मधल्या वळणावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तापलीया."

मी इंजिनाची उष्णता दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं. काटा जागच्या जागी, शांत होता. वाफेचा मागमूस नव्हता. सुभेदार कॅन घेऊन वस्तीकडे चालू लागले होते.

"काय काम काढलंसा?" आक्कानं विचारलं.

"गाडी तापलीया, आक्का."

आक्का एकटीच होती. तिचा नवरा वारला होता, हे मला तिच्या कपाळाकडे बघून कळलं. कॅन भरून ती स्वतः आमच्याबरोबर गाडीपाशी आली. सुभेदारांनी रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. तो काठोकाठ भरलेलाच होता, सगळं पाणी उतू जाऊन रस्त्यावर ओघळलं. सुभेदार ओतत राहिले. आक्का त्या ओघळाकडे बघत राहिली.

"लय तान्हेली हुती," ती म्हणाली. मग आम्ही पायरीवर बसलो, गूळपाणी झालं, चहा झाला, अंधारून आलं. निघताना तिनं विचारलं, "सुभेदार, उद्या बी तापंल का वो?"

सुभेदारांनी गंभीरपणे बोनेटकडे पाहिलं. "तापंल असं वाटतंया."

"मग दूध ठेवते," आक्का म्हणाली.

मी रिकामा कॅन उचलून गाडीत ठेवला.

सांगलीला परतल्यावर माझ्या खोलीचं दार लोटलं आणि बराच वेळ कॉटवर बसून राहिलो. जेवायला खानावळ, बोलायला कुणी नाही. शेजारच्या बिऱ्हाडात माणसं हसत होती. दोन वर्षांत मी त्यांच्या दारात गेलो नव्हतो. शेवटी वाटी घेतली आणि कडी वाजवली.

"जरा विरजण मिळेल का?"

माझ्या खोलीत दुधाचा थेंब नव्हता. शेजारच्या वहिनींनी वाटीत विरजण घातलं आणि म्हणाल्या, "बसा की, भाऊजी." मी वाटी सांभाळत बसलो.