जास्तीची मूठ

चहा पिण्याआधी ती कप उजेडाकडे धरते. नखं मुळापर्यंत कापते. कुणाच्याही घरात शिरताना उंबऱ्यावर थांबून वास घेते. वीज गेली की पंख्याकडे नाही, बाटल्यांकडे बघते. बाटल्यांजवळ बोलताना आवाज खाली आणते.

ही अंजू राठोड. शाळेपासूनची माझी मैत्रीण. मी दिग्रसला मराठी घेऊन बी.ए. झाले. ती अमरावतीहून सूक्ष्मजीवशास्त्र शिकून आपल्या बंजारा तांड्यावर परत आली.

तिच्या मागच्या खोलीत फळीवर काचेच्या छोट्या बाटल्या आहेत. औषधाच्या दुकानातून आणलेल्या, कुकरात उकळलेल्या. प्रत्येकीत एक बारीक नळी. माशांच्या पेटीचा पंप त्या नळ्यांतून हवा सोडतो. ती हवा आधी कापसाच्या बोळ्यातून गाळून येते. बाटलीच्या एका बाजूला इवलासा दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड मोजणारा डोळा. आतले जंतू वाढले की पाणी गढूळ होतं, उजेड कमी पोचतो. मग अंजू भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एक ठिपका देते.

याला बायोरिअॅक्टर म्हणतात. कारखान्यातला घराएवढा असतो म्हणे. तिचा माझ्या मुठीत मावतो.

“काय आहे यात?” मी पहिल्यांदा विचारलं होतं.

“अॅझोटोबॅक्टर. हवेतलं नत्र धरते अन् जमिनीले देते. तू आता श्वास घेऊन राह्यली ना, त्याच हवेतलं.”

मी श्वास रोखला. ती हसली. “घे, घे. पुरते सगळ्यायले.”

अंगणातल्या निळ्या ड्रममध्ये हेच जंतू गुळाच्या पाण्यात वाढवायचे आणि पेरणीआधी बियाण्याला चोळायचे, असं ठरलं होतं. अंजूनं तांड्यातल्या बायकांना शब्द दिला होता. पण एकामागून एक दोन ड्रम आंबले. पेरणी तोंडावर आली. आता तिसरा बिघडला तर तिचं कुणीच ऐकणार नव्हतं. तांड्यातले जुने शेतकरी देवसिंगकाका तर तोंडावर म्हणाले, “पोरी, बाटलीतलं बाटलीतच बरं.”

बाटल्यांत तेच पाणी होतं. तोच गूळ, तेच जंतू. बाटल्या ठणठणीत होत्या. आंबत होता तो ड्रम.

एका सकाळी आम्ही दोघी ओट्यावर बसून आंबलेल्या दुसऱ्या ड्रमकडे बघत होतो. अंजूची आई रुपीबाई आली. सारा तांडा तिला याडी, म्हणजे आईच, म्हणतो. तिनं झाकण उचललं, पदरातून मूठभर गूळ काढला आणि आत सोडला. मागून शेजारच्या धुरपताबाई आल्या. त्यांनीही सोडला.

“याडी! हे काय?”

“काय म्हणजे? दारी आलेल्याले कोणी मोजून वाढते का? तुह्या मापानं तं ते उपाशीच मरतीन.”

“आणखी कोण कोण टाकते?”

“कोण नाही टाकत ते इचार,” धुरपताबाई म्हणाल्या.

मला वाटलं, अंजू आता ओरडणार. ती उठून खोलीत गेली. तिनं बाटल्या नव्यानं लावल्या. प्रत्येकीत गूळ वेगळा.

गूळ कमी तिथं ठिपके हळू चढले. गूळ वाढला तिथं वेग वाढला. पण एका हद्दीपर्यंतच. त्यापुढे गूळ दुप्पट केला तरी रेघ तेवढीच तिरपी राहिली.

“पोट भरलं का घास जोरात उतरत नाही,” अंजू म्हणाली. “उरलेलं ताट मंग दुसरेच खातात. ड्रममध्ये शिरलेले, आंबवणारे.”

मी त्या रेघेकडे बघत राहिले. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांची भूक, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर.

खरी थक्क झाले ती पुढे. तिनं बायकांना बंदी केली नाही. एका बाटलीत तिनं मुद्दाम आंबलेल्या ड्रममधलं थोडं पाणी सोडलं आणि सगळा जास्तीचा गूळ घातला, पण थेंबाथेंबानं. आधीचा संपला की पुढचा. रेघ चढत राहिली. बाटली आंबली नाही.

मग तिसरा ड्रम भरला.

“याडी, गूळ तुम्हीच टाका. पण बारी लावा. एकीची चिमूट जिरली की दुसरीची.”

“चिमूट? लाज नाही वाटणार आपल्याले?”

“साऱ्या तांड्याची मिळून मूठच होते ना!”

याडीनं पदरातला गूळ चाचपला. म्हणाली, “अन् एकटीले मूठ कधी देऊ देशील?”

“बाटलीले इचारू दे.”

पेरणीच्या दिवशी झाकण उघडलं. अंजूनं उंबऱ्यावर घेते तसा श्वास घेतला. आंबट वास नव्हता. देवसिंगकाकांनी वाकून हुंगलं. घरी जाऊन बियाण्याची पिशवी घेऊन आले.

तेव्हा मागच्या खोलीत याडीच्या मुठीची बाटली लावलेली होती; ड्रमला मूठ, तसा बाटलीला त्या मानानं गूळ. किती थांबलं की पुन्हा अख्खी मूठ चालेल, ते बघायला. अंजू आत जाऊन ठिपका देत होती. बाहेरून हाक आली, “अंजू, चाल वं! बियाणं पसरलं.”

पेन्सिल तिथंच ठेवून ती धावली. पंप चालू होता. बाटलीत बुडबुडे येत होते. कॅलेंडरच्या पाठीवर मुठीची रेघ अर्ध्यावर थांबली होती.