हौदावरचा खांब
भावाचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या किल्लारीच्या घरात नव्या जोडप्याला खोली नव्हती. भूकंपानंतर नव्या गावठाणात मिळालेल्या दोन खोल्या आणि त्यांच्यापुढं वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, हौसेनं बांधलेली स्लॅबची बैठक, एवढंच घर. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. बैठकीवर मजला चढवायचा, असं भावाच्या मनात होतं.

"ताई, लोकांच्या एवढ्या बिल्डिंगी बघतीस, आपलं एक घर बघ की," तो म्हणाला.

मी लातुरात एका बांधकाम सल्लागाराकडं नोकरी करते. इमारत आधी कॉम्प्युटरवर उभी करायची, तिला भूकंपाचे हादरे द्यायचे आणि ती तगते का ते बघायचं, हे माझं काम. एका रविवारी भाऊ मापं घेऊन ऑफिसात आला. खांब, तुळया, स्लॅब असं करत मी घर उभं केलं, वर नवा मजला चढवला. पडद्यावर आपलं घर बघून तो हरखला.

"आता हलव की त्याला!"

"आधी तपासू दे. मॉडेलच चुकलं तर उत्तर चुकीचं येतं, आणि दिसतं मात्र खरं."

तपासणीत एकच चूक निघाली. बैठकीच्या मागच्या कोपऱ्यातला खांब खाली टेकलेलाच नव्हता. कॉम्प्युटरच्या लेखी तो हवेत लटकत होता. त्याला आधार द्यायचा माझ्याकडून राहून गेला होता. बटण दाबलं की चूक मिटणार होती. पण माझा हात थांबला. बाकीच्या खांबांखाली मी पक्का पाया आहे असं धरून चालले होते. तसं मला सांगितलं कुणी होतं? आणि या खांबाखाली तरी खरंच काय होतं?

मी आईला स्पीकरवर फोन लावला. "आई, बैठकीच्या मागच्या कोपऱ्याखाली काय हाय गं?"

"काय असतंय? जमीन हाय." मग तिला आठवलं. "तिथं आपला पाण्याचा हौद हुता की. गळायला लागला म्हणून तुझ्या अण्णानं बुजवला. जुन्या गावातल्या आपल्या भूकंपात पडलेल्या घराचे दगड आणून टाकले त्यात."

"दगडच हायेत नव्हं?" भाऊ म्हणाला. "मग पक्कंच की."

पुढच्या रविवारी मी गावी गेले. भावानं स्वतःच कुदळ मारली. हातभर खाली दगड लागले, सगळे सुटे. मधली माती वाहून गेली होती. फटीत माझा हात मनगटापर्यंत गेला. खांबाचं बूड त्या दगडांवर नुसतं ठेवल्यासारखं होतं. आई दारात उभी होती. त्याच दगडांखाली तिची पहिली मुलगी गेली होती, माझ्या जन्माआधी. दगड बघून ती आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

लातूरला परतल्यावर खांबाखाली जे होतं तेच मी मॉडेलमध्ये घातलं आणि मग त्याला हादरे दिले. वरचा मजला काढून टाकला तरी कोपरा खचत होता आणि स्लॅबला ओढत होता. मी परत जाऊन दोघांना सांगितलं, मजला तर नाहीच, ही बैठकही उतरवावी लागेल.

भाऊ भडकला. "अण्णांनी बांधलंय ते. एवढी वर्षं पडलं का?"

"अजून तशी जमीन हललीय कुठं?"

"तुझ्या त्या कॉम्प्युटरला काय कळतंय अण्णांचं!"

आईच म्हणाली, "पाडा. एकदा झालं तेवढं बास."

बैठक पाडली त्या दिवशी भाऊ घरी थांबला नाही. लग्न झालं, आणि दोघं लातुरात भाड्यानं राहू लागली. माझ्या घरापासून रिक्षानं जाण्याइतकी जवळ, पण त्याचं येणं सणावारापुरतंच. आई किल्लारीत एकटी. तिला मी एकदा इकडं घेऊन आले, तर आठवड्यातच एसटीनं परत गेली.

परवा फोनवर म्हणाली, "घर लई सुनं लागतंय गं. तुझं बरोबरच असंल, न्हाई असं न्हाई. पण ह्यांनी बांधलेलं तेवढंच हुतं."

मी नुसतं "व्हय" म्हणाले. मग तिनं विचारलं, भाऊ भेटला का. मी म्हणाले, न्हाई.