जोडव्याखालची बुरशी

निरगुडीच्या पानांचा अर्क वापरून मी प्रयोगशाळेत चांदीचे नॅनोकण बनवते. काचेच्या बशीत त्यांच्यापुढे बुरशी वाढत नाही. पानं वेल्ह्याजवळच्या आमच्या बांधावरची. आई तोडून देते.

यंदा भातलावणीत आईच्या पायांना चिखल्या झाल्या. तीही बुरशीच. आईनं माझ्याकडे त्या कणांची बाटली मागितली. माणसांवर अजून चाचणी झालेली नाही, असं मी सांगितलं. तिनं पाय पुढं केला. जोडव्याखालीच कातडी सोलली होती.

"चांदी तर हितं बी हाय. मग बुरशी हिचं का न्हाई ऐकत?"

मी कणांचा आकार समजावायला लागले आणि माझाच मला संताप आला.

सकाळी मी निघताना ती बांधावरून लंगडत आली आणि माझ्या पिशवीत पानं भरली.

"तुज्या बशीतल्या बुरशीला एवढी पुरतील न्हवं?"