दादाच्या भिंतीतली वायर

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये माझा जीन्स शिवायचा छोटा कारखाना आहे. मागच्या खोलीत थोरला भाऊ आणि वहिनी राहायचे. दादा अंबरनाथला आनंदनगरच्या एका कंपनीत बॉयलरवर होता. "मी आयुष्यभर दुसऱ्याची भट्टी पेटवली. तू तरी स्वतःचं काढ," असं म्हणून पुढची खोली त्यानेच मला दिली.

आमच्याकडे शुक्रवारी लाइट जायची, म्हणून सगळ्यांची सुट्टीही शुक्रवारी. मला ती सुट्टी परक्याच्या हुकमासारखी वाटायची. मी डिझेलचा जनरेटर आणला आणि गल्लीत, दादाच्या भिंतीला लागून बसवला. पहिल्या शुक्रवारी मशिनी चालू झाल्या तेव्हा वाटलं, आता मी कुणाचा बांधील नाही.

"आला मोठा शेठ! अख्खं मार्केट झोपलंय आणि ह्याचीच गिरणी चालू," दादा हसला. हसता हसता खोकला.

खोकला बॉयलरवरचाच, असं आम्ही धरून चाललो. डॉक्टरांनी वाफ घ्यायचं मशीन दिलं. ते विजेवर चालायचं. मग शुक्रवारी काय? मी भिंतीला भोक पाडून जनरेटरची वायर आत दिली. भोक जरा मोठं झालं, त्यात जीन्सची चिंधी कोंबली.

"भावजी, तुमच्यामुळे ह्यांचा श्वास चालतो," वहिनी म्हणाली. मी ते ऐकून घेतलं.

पुढे तिनेच विचारलं, "खिडकी लावली तरी धुराचा वास येतो हो. ह्यांना शुक्रवारीच जास्त का होतं?"

"एवढी ऑर्डर जाऊ दे वहिनी, मग जनरेटर हलवतो."

ऑर्डरी येत राहिल्या. त्यांच्याच जोरावर मी बदलापूरला, खरवईत फ्लॅट घेतला आणि त्या धुरापासून लांब राहायला गेलो.

दादा शुक्रवारीच गेला. वाफेचं मशीन तोंडाला होतं, बाहेर जनरेटर चालू होता.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी खोली आवरताना मी वायर ओढली. तिच्याबरोबर चिंधी निघाली. गल्लीकडून ती काळी असणारच. दादाच्या उशाकडूनही काळी होती. वहिनीने पाहिलं. तिने चहा ठेवला, मलाही दिला.

आता आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर आहे. त्यासाठी मीच धडपडलो. मीटिंगमध्ये कार्बनचा विषय निघाला की लोक माझं कौतुक करतात, आणि मी खाली बघतो. जनरेटर भंगारात दिला. शुक्रवारी कारखाना बंद असतो.

भोक तेवढं तसंच आहे. सिमेंट घेऊन दोनदा गेलो.

"राहू द्या, भावजी," वहिनी म्हणाली. "आता त्यातनं यायचं काय राहिलंय?"