नानांना न दिलेली चिठ्ठी

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. एप्रिलमधल्या एका रविवारी मी थोरल्या भावाला विहिरीतून बाहेर काढलं, हे आमच्या धरणगावकडच्या गावात सगळे सांगतात. त्याआधी सात महिने एक चिठ्ठी माझ्याजवळ होती, ती मात्र कुणाला माहीत नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी धुळ्यात सरकारी कचेरीत कारकून होतो. वय त्रेचाळीस, वजन ब्याऐंशी किलो. कचेरीचा जिना चढताना छातीच्या मधोमध आवळल्यासारखं व्हायचं, आणि वर पोचून दोन मिनिटं उभं राहिलं की जायचं. ॲसिडिटी समजून दोन महिने मी सोडा घेत राहिलो. तुमच्यापैकी कुणी आज तेच करत असेल, तर वाचणं इथेच थांबवा आणि आधी कार्डिओग्राम काढून या.

माझा कार्डिओग्राम पाहून डॉक्टरांनी मला नाशिकला ‘स्ट्रेस टेस्ट’ करायला पाठवलं. यात छातीला तारा चिकटवून सरकत्या पट्ट्यावर चालायला लावतात. मी सहा मिनिटं टिकलो. कागद घेऊन धुळ्याला परत आलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, “याला ‘इस्केमिया’ म्हणतात. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतंय. नळ्या चोंदायला लागल्यात, अजून बंद झालेल्या नाहीत.”

मग त्यांनी विचारलं, “वडील कशाने गेले?”

“ऊन लागून. शेतातच गेले. बावन्न वर्षांचे होते.”

“कोणत्या दिवसांत?”

“कापसाची वेचणी चालली होती.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “वेचणी म्हणजे थंडी. थंडीत कुणाला ऊन लागतं?”

आमच्या घरात पंधरा वर्षं सगळे हेच म्हणत आले होते. खानदेशात शेतात माणूस पडला की ऊन लागलं, यापलीकडे कुणी जात नाही. आईही हेच सांगत गेली. महिना कोणता होता हे कुणी मोजलं नाही. मीही नाही.

“भाऊ आहेत?”

“एक. थोरले. एकोणपन्नास.”

त्यांनी पॅडवर थोरल्या भावाचं, म्हणजे नानांचं, नाव लिहिलं, खाली चार ओळी लिहिल्या आणि कागद माझ्या हातात दिला. “पंधरा दिवसांत त्यांचा कार्डिओग्राम झाला पाहिजे. तब्येत ठणठणीत असली तरी.”

चिठ्ठी मी डायरीत ठेवली.

माझ्यापुरता मार्ग सोपा होता. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या खिशात, तेल-तूप बंद, आणि व्यायाम. धुळ्यात तेव्हा एखाददुसरी तालीम होती, पण तिथल्या पोरांत ब्याऐंशी किलोचा कारकून कुठे जाणार? डॉक्टर म्हणाले, “सतरंजी आणि पाणी, एवढ्यावर माणूस बरा होतो. पोहता येतं?”

लहानपणी येत होतं. आमच्या शेतात विहीर होती.

“महिनाभर नुसतं चाला. मग पोहा. पण एकट्याने नाही, आणि उडी अजिबात मारायची नाही.”

पहाटे पांझरा नदीच्या काठाने चालायचो. घरी दोन खोल्यांमध्ये सतरंजी अंथरून आधी भिंतीला हात टेकून दंड, मग खाटेच्या कडेला, मग जमिनीवर. बैठका दाराची चौकट धरून. अर्ध्या भरलेल्या दोन बादल्या उचलून अंगणात फेऱ्या. पहिल्या आठवड्यात पाच बैठकांना घाम फुटला. दिवाळीपर्यंत वीस झाल्या. बायकोला एवढंच सांगितलं होतं, की ब्लडप्रेशर आहे.

दर रविवारी सकाळच्या एसटीने मी गावाला जायचो. पाठीच्या दुखण्यावर डॉक्टरांनी पोहायला सांगितलंय, असं नानांना सांगितलं.

नाना हसले. “पाठ नही रे, तुनं पोट वाढनं शे!”

त्यांनी पत्र्याचा रिकामा तेलाचा डबा शोधला, तोंड पक्कं बंद केलं आणि दोरीने माझ्या पाठीवर बांधला. आमच्याकडे पोरं अशीच पोहायला शिकतात. बांधावरची माणसं खो-खो हसत होती. नाना पाण्यात उभे राहून म्हणाले, “हसू दे त्यास्ले. बठ्ठी चरबी या पानीमा उतरी जाई.”

उतरलीही. संक्रांतीपर्यंत माझं वजन चौऱ्याहत्तर झालं. डबा सुटला, आणि नानांनी तो काठावरच्या लिंबाला टांगला. कचेरीचा जिना मी न थांबता चढू लागलो.

चिठ्ठी डायरीतच होती.

कारणं माझ्याकडे होती. नानांच्या सुमनचं पाचोऱ्याच्या स्थळाशी बोलणं चाललं होतं. आजा हृदयाने गेला, काकाला तेच, बापालाही निघालं, असं कळलं तर लोक काय म्हणतील? आधी पोरीचं जमू दे, मी स्वतःला सांगत होतो. फेब्रुवारीत जमलं. मेमधली तारीख ठरली. आता ते कारण उरलं नाही.

तरीही मी चिठ्ठी दिली नाही. खरं ते लिहितो. नानांना दवाखान्यात नेलं असतं, तर माझी पाठ खोटी ठरली असती. आणि त्यांच्या कार्डिओग्रामात काही निघालं असतं, तर डॉक्टरांनी त्यांची विहीर बंद केली असती. त्यांच्याशिवाय मला पाण्यात उतरता येत नव्हतं. मला बरं वाटू लागलं होतं, आणि ते मला सोडायचं नव्हतं.

मार्चमध्ये नाना डावा खांदा चोळताना दिसू लागले. विहिरीच्या पायऱ्या चढून आले की काठावरच्या दगडी थारोळ्यावर बसून राहायचे. माझं बघून त्यांनीही दंड सुरू केले होते, माझ्यापेक्षा दहा जास्तच.

वहिनी एकदा म्हणाल्या, “भाऊजी, यांना जरा सांगा ना. हात दुखतो म्हणतात, आणि ऐकत नाहीत.”

मी म्हणालो, “दंडांनी दुखत असेल. थोडे कमी करा, नाना.”

हे वाक्य मला अजून तसंच्या तसं ऐकू येतं.

एप्रिलच्या त्या रविवारी वीज लवकर आली होती. केळीला पाणी चालू होतं. मोटार तीन तास चालल्यामुळे विहिरीचं पाणी खूप खाली गेलं होतं. एरवी बुडालेल्या पाच-सहा पायऱ्या शेवाळासकट उघड्या पडल्या होत्या. मोटारीची घरघर आत घुमत होती. मी पोहून वर आलो होतो, अंग पुसत होतो. नानांनी मोटार बंद केली आणि थारोळ्यावरून उडी घेतली.

ते वर आले, पण ओरडले नाहीत. एरवी वर आल्यावर आरोळी ठोकायचे. एकाच हाताने पाणी मारत होते, आणि तोंड आभाळाकडे होतं.

मला लगेच कळलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. लिंबाला टांगलेला डबा ओढून मी त्यांच्या अंगावर टाकला. त्यांनी तो छातीशी धरला. मी पायऱ्या उतरून पाण्यात गेलो, त्यांच्या बगलेत हात घालून त्यांना खालच्या पायरीपर्यंत ओढलं. सहा महिन्यांपूर्वी मला हे जमलं नसतं. ती ताकद त्यांनीच दिलेली होती.

शेवाळाच्या पायऱ्यांवरून त्यांना चढवता येईना. शेतावर सालाने राबणाऱ्या गड्याने, आमच्या सालदाराने, वरून दोरांनी बाज सोडली. तिच्यावर निजवून चौघांनी त्यांना वर घेतलं. मी शर्टाच्या खिशातली गोळी काढून त्यांच्या जिभेखाली ठेवली.

वहिनी धावत आल्या होत्या. “ही कसली गोळी?”

“पाठीची,” मी म्हणालो.

शेजाऱ्याच्या जीपमधून जळगावला पोचायला दीड तास लागला. तिथे ‘इन्फार्क्ट’ हा शब्द ऐकला. म्हणजे रक्त न मिळाल्याने हृदयाचा एक भाग मरणं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं आणि आम्हाला बाकावर बसवलं. तीन दिवस तो बाक सोडला नाही. समोरचं दार उघडलं की सगळे नातेवाईक एकदम उभे राहायचे, आणि आपलं नाव नसलं की बसायचे. चपलांचा ढीग रोज बदलत होता. काही चपला न्यायला कुणी येत नसे.

पहिल्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “घरात आणखी कुणाला हृदयाचा त्रास?”

वहिनी म्हणाल्या, “नाही हो. सासरे ऊन लागून गेले.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मीही ‘नाही’ म्हणून मान हलवली. त्यांनी ते लिहून घेतलं.

नाना वाचले. बाराव्या दिवशी घरी आले. डॉक्टर म्हणाले, “पंप निम्म्याने चालतोय. ओझं नाही, पोहणं नाही. महिना-दोन महिने आधी आले असते, तर एवढा भाग गेला नसता.” सुमनच्या लग्नात नाना मांडवात खुर्चीवर बसून होते. येईल त्याला माझा दंड धरून सांगत होते, “मना भाऊनी माले बाहेर काढं. पाठनं दुखणं होतं म्हणीसन पोहाले ये, तेच कामले उनं.”

लोक माझ्या पाठीवर थाप मारत होते.

आता मी एकावन्न वर्षांचा आहे. पुढच्या वर्षी वडिलांचं वय गाठेन. सतरंजी रोज अंथरतो, चालतो, आणि रविवारी विहिरीत उतरतो. नाना थारोळ्यावर बसून माझ्या कमरेला बांधलेली दोरी धरतात. मी पाण्यात असेपर्यंत त्यांची नजर हलत नाही. अंघोळीहून जास्त काही त्यांना झेपत नाही. दहा पावलं चालले की थांबतात, आणि थांबल्यावर मला म्हणतात, “तू चाल, मी येस.”

डॉक्टर, वहिनी, सालदार, सगळ्यांचे मी कधी ना कधी आभार मानले आहेत. नानांचे मानायला तोंड उघडतो आणि दुसरंच काहीतरी बोलतो. तुम्हाला एवढंच सांगतो: डॉक्टरांनी भावंडांना तपासायला सांगितलं, तर घरी जायच्या आधी त्यांच्या दारात जा. लग्नं ठरतात, मोडतात, पुन्हा ठरतात.

चिठ्ठी अजून त्याच डायरीत आहे. कागद पिवळट झाला आहे, पण नाव वाचता येतं. ती मी नानांना देणं लागतो. सोबत हेही सांगणं लागतो, की वडील उन्हाने गेले नव्हते आणि मला ते माहीत होतं.