मान कुणाच्या हातात द्यायची

अकबरभाई विहिरीत उतरायच्या आधी पंपाच्या स्टार्टरचे फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचे. "लाईट गेलीय, मी आत्ताच बघितलं," असं मालकानं शपथेवर सांगितलं तरी टाकायचेच. जुन्नरच्या जुन्या पेठेत त्यांचं मोटार दुरुस्तीचं दुकान होतं, पण नाव झालं ते विहिरीत उतरण्याच्या कामामुळं. येडगावपासून पार पारगावपर्यंत तीस वर्षं लोक त्यांनाच बोलवत होते. कुणी म्हणालं, "भाई, मोटार जळली," तर ते विचारायचे, "कुणी सांगितलं? तू आत गेला व्हतास?"

असा माणूस दोन वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, माझ्या येडगावच्या विहिरीच्या काठावर आडवा पडला.

काम झालं होतं. पन्नास फूट लोखंडी पायऱ्या चढून ते वर आले आणि शेवटच्या पायरीवर मान वर करून माझ्याकडं बघताना अडकल्यासारखे थांबले. मी दंड धरून ओढलं म्हणून वर आले. लगेच पालथे झाले आणि दोन्ही मुठींत गवत पकडलं.

"गोरख, धर मला. जमीन फिरती."

मग त्यांना उलटी झाली. मी पंच्यानं त्यांचं तोंड पुसलं. पुसताना वाकलो आणि त्यांच्या तोंडाचा वास घेतला. हा माणूस पाच वेळा नमाज पढतो, आयुष्यात दारूला शिवला नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी घेतला.

त्यांनी एक डोळा उघडला. "आला का वास?"

मी पंचा धुवायला हौदाकडं वळलो. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मात्र बोललो. "अकबरभाई पडता पडता वाचले. काय झालं व्हतं कुणास ठाव." 'प्यालेत' असा शब्द मी काढला नाही. पण 'कुणास ठाव' म्हणताना आवाज असा काही लागला, की ऐकणाऱ्यांना तेवढं पुरलं.

पुढं ओझरला, चतुर्थीच्या गर्दीत, एका लॉजच्या टाकीची मोटार बघायला गेले असताना ते पुन्हा भेलकांडले. दोघांनी धरून बसवलं. "सकाळी सकाळीच?" असं कुणीतरी हसून म्हणालं. पावसाळ्यापर्यंत पारगावकडची कामं बंद झाली. माझे शेजारी गेणभाऊ, त्यांच्या तीन विहिरींचं काम कायम भाईंकडं असायचं, त्यांनीही मंचरचा दुसरा फिटर आणला. मला म्हणाले, "उद्या आत पडला तर आपल्या अंगावर यायचं, राव."

भाईंनी डॉक्टर केले. रक्तदाब बरोबर, साखर बरोबर. एकानं मानेचा एक्सरे काढून "मणक्यात गॅप आहे" म्हणून गळ्याला पट्टा दिला. दुसऱ्यानं चक्करच्या गोळ्या दिल्या, त्यांनी ते दिवसभर पेंगायला लागले. भाईंना गोळ्यांचाच संशय आला. "ह्या बंद केल्या की चार दिवस बरं वाटतंय. मला आजारी ठेवायला देतेत का काय?" त्यांच्या बायको, नजमुन्निसा भाभी, मला दुकानाबाहेर गाठून म्हणाल्या, "रात को करवट बदलते तो पलंग पकडके बैठते. आणि कुणाला सांगू पण देत न्हाईत. तुमीच काहीतरी करा, भाऊ."

असं करत पुढचा मार्च आला, तोपर्यंत मला झोप लागेनाशी झाली होती. म्हणून नारायणगावला एका हॉलमध्ये 'मान, मणके, चक्कर : एका झटक्यात आराम' असं शिबिर आहे म्हटल्यावर मीच त्यांना गाडीत घालून नेलं.

शिबिरातला माणूस धिप्पाड होता. समोर मोबाईल लावलेला, त्याला गोल दिवा. माणूस खुर्चीवर बसला की हा मागून हनुवटी धरायचा, मान फिरवायचा, 'कट्' आवाज यायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. भाई रांगेत उभे राहून एकटक बघत होते. गुडघेवाला आला तरी मानेला झटका, पाठवाला आला तरी मानेला झटका.

भाईंचा नंबर आला. ते बसले नाहीत.

"मला काय झालंय ते आधी सांगा. मग हात लावा."

"काका, विश्वास ठेवा. रिलॅक्स."

"तुमी मला काय विचारलंच न्हाई. विश्वास कशावर ठेवू?"

तो हसला आणि हनुवटीकडं हात नेला. भाईंनी त्याचं मनगट धरलं, बाजूला केलं आणि सगळ्यांदेखत चालू पडले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "तार कुठं तुटली ते माहीत न्हाई आणि दिसल त्या मोटारीला हातोडी मारतोय."

महिन्याभरानं त्यांच्या मुलीनं, रुबिनानं, पुण्याहून फोन केला. तिच्या ऑफिसातल्या एकीची मान ज्यांच्याकडं बरी झाली, त्या बाई दर गुरुवारी मंचरला येतात. कायरोप्रॅक्टर, म्हणजे औषध न देता हातानं मणके, सांधे मोकळे करणाऱ्या. परदेशात शिकलेल्या. "म्हंजे तोच धंदा, फक्त इंग्रजीत," असं म्हणत भाई आले. दारात चपला काढताना मला बजावलं, "तू आत राहा. मानेला हात गेला की मला उठव."

त्या बाईंचं नाव श्रेया. वय पस्तिशीचं. पाऊण तास त्या नुसत्या विचारत होत्या. चक्कर कधी येते? कूस बदलताना? कुठल्या कुशीवर? किती सेकंद टिकते? ऐकू कमी येतं का, कानात आवाज येतो का? हातापायांत मुंग्या? बोलताना जीभ अडखळते? भाई उत्तरं देत होते आणि प्रत्येक प्रश्नामागं काय आहे ते डोळे बारीक करून शोधत होते.

मग त्यांनी भाईंना टेबलावर बसवलं, डोकं उजवीकडं वळवून दोन्ही हातांनी आधार दिला आणि झटकन मागं झोपवलं. "डोळे उघडे ठेवा, काका. फिरेल, पण थांबेल."

भाईंनी माझं मनगट आवळलं. मी त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं. बुबुळं आपोआप गोल फिरत उसळत होती, कुणी आतून दोरा ओढावा तशी. वीस-पंचवीस सेकंद. हळूहळू थांबली. असं सोंग कुणाला आणता येत नाही आणि दारूनं असं ठराविक कुशीवर होत नाही, एवढं मला शिकवायची गरज राहिली नाही.

श्रेया म्हणाल्या, "कानाच्या आत तोल सांभाळणारं एक यंत्र असतं. त्यातले बारीक खडे जागा सोडून सरकतात, तेव्हा असं होतं. तुमचंही तेच वाटतंय. पण वर्षभरात कान कुणी तपासलेलाच नाही. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर मी मानेला हात लावणार नाही."

"झटका न्हाई देणार?"

"नाही. जोरात झटका दिला तर क्वचित मानेतली रक्तवाहिनी फाटू शकते. चक्कर कशाची ते कळल्याशिवाय तर मुळीच नाही."

त्यांनी एका कानाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. परतताना भाई ती उलटसुलट करत होते. "नक्की कट असणार दोघांचा." कळंब आलं. मीच गाडी बाजूला घेतली आणि म्हणालो, "भाई, टपरीवर मी बोललो व्हतो. त्यातूनच सगळं पसरलं."

"माहीत हाय."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तू वास घेतलास ना, त्याचा राग न्हाई आला. मी बी घेतला असता. पण वास आला न्हाई, हे सांगायचं व्हतं ना टपरीवर." मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

चिठ्ठीवरच्या डॉक्टरांकडं ते गेलेच नाहीत. स्वतः शोधून तिसऱ्याच कानाच्या डॉक्टरकडं गेले, आणि चिठ्ठी खिशातून बाहेर काढली नाही. त्या डॉक्टरनंही तसंच मागं झोपवलं, तेच सांगितलं आणि तिथंच डोकं टप्प्याटप्प्यानं वळवत, प्रत्येक टप्प्यावर अर्धा मिनिट थांबवत, खडे जागी नेले. आठवड्यानं पुन्हा एकदा. कूस बदलल्यावर फिरणारा पलंग थांबला.

पण चालताना तरंगल्यासारखं वाटायचं राहिलंच. वर्षभर भीतीनं मान लाकडासारखी धरून ठेवली होती, तीही वळेना. तेव्हा ते स्वतःहून मंचरला गेले. श्रेयांनी साफ सांगितलं, "मानेमुळं चक्कर येते की नाही, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. सहा वेळा हलक्या हातानं करू, तोलाचे व्यायाम देते. फरक पडला नाही तर मी थांबेन." भाई मला म्हणाले, "थांबेन म्हणणारी भेटली. आता हिचा काय डाव असंल?" पण सहाही गुरुवारी गेले. घरी भिंतीला धरून एका पायावर उभं राहायचे, भाभी आकडे मोजायच्या. हळूहळू मान वळायला लागली, तरंगणं कमी झालं.

दिवाळीपासून ते कामावर आहेत. मधे एकदा पुन्हा पलंग फिरला, तेव्हा त्याच कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आले. विहिरीत उतरतात, पण कमरेला पट्टा आणि वर दोर धरायला माणूस असल्याशिवाय नाही. गेणभाऊंनी परत बोलावलं. भाईंनी "बघतो" म्हटलं आणि अजून गेलेले नाहीत. माझ्याकडं येतात, पण चहा घ्यायला पूर्वीसारखे थांबत नाहीत.

आता चक्कर येणारे लोक त्यांनाच फोन करतात. परवा पेठेत मी दुकानात बसलो होतो, तेव्हा असाच एकाचा फोन आला. "भाई, तुमाला बरं केलं त्या बाईंचा नंबर द्या की."

"कानाच्या डॉक्टरनं बरं केलं, का बाईनं, का आपोआप बरं झालं, ते मला अजून ठाव न्हाई," भाई फोनमध्ये म्हणाले. "नंबर मागनं देतो. आधी सांग, कुठल्या कुशीवर येती?"